सचिवपदाचं एक वर्ष: वारी, रक्तदान, कोजागिरी आणि परत न येणारे पलंग

नीरेकाठची

नमस्कार मंडळी,

३० जूनला माझं सचिवपद संपलं. दोन फायली, शिक्का, पेनड्राइव्ह आणि कुणाचा तरी विसरलेला डबा एवढं दप्तर नव्या सचिवांच्या हवाली केलं. गुरुवारी संध्याकाळी आपण आपल्या घरीही बसू शकतो, हे वर्षभरानंतर पहिल्यांदा कळलं.

गाव लोणंद-फलटण पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडे सगळे सगळं वाचतात. क्लब रोटरी-लायन्सच्या वळणाचा, पण स्वतंत्र, इथल्या इथे नोंदणी केलेला. वर्ष मात्र त्यांच्यासारखंच, १ जुलै ते ३० जून. सभासद ४२. कामाला उभे राहणारे १३. पदग्रहणाच्या जेवणाला ९० पानं.

धागा काढायचं कारण शेवटच्या सभेतला वाद. एका ज्येष्ठ सभासदांनी ठराव मांडला की कोजागिरी, तिळगूळ आणि सहल बंद करा आणि तो पैसा 'खऱ्या कामाला' लावा. बरेच जण माना डोलावत होते. मी गप्प बसले, कारण इतिवृत्त लिहिणाऱ्याला मत नसतं. आता पद गेलं, मत परत आलं.

आमचं वर्ष वारीने उघडतं. अध्यक्षांच्या गळ्यातला हार उतरतो न उतरतो तोच माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते. लोणंदचा मुक्काम, मग चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तरडगाव, फलटण. २०२४ साली आषाढी १७ जुलैला होती, म्हणजे आमच्या हातात जेमतेम आठवडा. पूर्वी आम्ही बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या वाटायचो. तीन वर्षांपूर्वी एका वारकरी आजींनी पुडा परत माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "माउली, बिस्किटं पोतंभर झाली. ह्या चपलेचा अंगठा तुटलाय, तेवढा शिवून मिळंल का?"

त्या दिवशी पालखी पुढे गेल्यावर रस्त्याची अवस्था बघितली. बाटल्यांचा खच, आणि निम्म्या आमच्याच. पुढच्या वर्षीपासून बाटल्या बंद. आता मंडपात चपला शिवणारे दोन दादा बसवतो, त्यांची दिवसाची मजुरी क्लब देतो. शेजारी मोबाईल चार्जिंगचे बोर्ड, एक डॉक्टर, पायाचे फोड बांधायला चौघं, आणि तेल लावून पाय चोळायला ज्याला लाज वाटत नाही तो प्रत्येक सभासद. चपलांची रांग डॉक्टरांच्या रांगेपेक्षा मोठी असते. आमचे डॉक्टर त्यावर दर वर्षी तोच विनोद करतात, तो इथे लिहीत नाही.

ऑगस्टात वृक्षारोपण. यावर फार बोलण्यासारखं नाही. गेल्या वर्षी २०० रोपं लावली, मेमध्ये मोजली तेव्हा ४१ उभी होती. या वेळी ६० लावली आणि प्रत्येक ओळ एका घराला पाण्यासाठी वाटून दिली. फोटोत कमी दिसतात.

दिवाळी झाली की कारखान्यांचे पट्टे फिरायला लागतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बहुतेक बीडकडच्या. आम्ही उत्साहाने ब्लँकेटं घेऊन गेलो. त्याच टोळीला त्याच आठवड्यात आणखी दोन मंडळांनी ब्लँकेटं वाटलेली. एक बाई हसून म्हणाली, "ताई, पांघरायला दोनच हात आहेत." मग खाली बसून विचारलं. पहाटे तीनला फडात जायचं, पोरं कोपीत (पाचटाच्या झोपडीत) एकटी, अंधार, इचू-किरडाची भीती. दिवे हवे होते. सौरदिवे दिले. आमच्या एका निवृत्त गुरुजींनी मुलांची यादी केली. ज्यांच्याकडे गावच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड होतं ती लगेच बसली, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्यासाठी गुरुजी फोनवर फोन लावत राहिले. १९ पैकी ११ मुलं मार्चपर्यंत इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसली.

रक्तदान शिबिर आम्ही मेमध्ये घेतो. का, ते जाणकार सांगतील.

आता वादाचं मूळ. जानेवारीत आमच्याकडे हळदीकुंकू व्हायचं. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतर आमच्यात कुजबुज सुरू झाली की आपण काय करतोय. दोन वर्षं कुजबुजच. या जानेवारीत पत्रिकेवर फक्त 'तिळगूळ' लिहिलं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. सगळ्या म्हणजे सगळ्या. दोघी सभासद पाच मिनिटं बसून निघून गेल्या, तेही नोंदवते. आमच्या मागच्या आळीतल्या एक काकू नऊ वर्षांनी अशा कार्यक्रमाला आल्या. आधी दारातच उभ्या. मग आत आल्या, वाण घेतलं, आणि जाताना विचारलं, "तुमच्याकडे काही काम असतं का हो? मला दुपारी वेळ असतो."

क्लबचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. सहा फाउलर कॉट (डोक्याकडून वर उचलता येणारे दवाखान्यातले पलंग), नऊ कमोड खुर्च्या, चौदा वॉकर, दोन एअर बेड, काही कुबड्या. अनामत घेऊन नेतात, आणून दिलं की अनामत परत. निदान ठरलंय तसं. प्रत्यक्षात वॉकर परत येतात, कारण माणूस बरा होतो. पलंग येत नाहीत.

पलंग ज्याच्यासाठी नेला तो गेलेला असतो. घरात कुणालाच त्या पलंगाकडे बघवत नाही. आणि आमच्यातल्या कुणाला त्या घरी जाऊन "कॉट देता का" म्हणवत नाही. सहापैकी चार कॉट अशा अडकल्या होत्या, आणि इकडे दर आठवड्याला कुणीतरी विचारायला यायचं. त्या काकूंनी वही मागून घेतली. तेरावा होऊन दहा-बारा दिवस गेले की त्या जातात. कॉटचं बोलतच नाहीत. चहा घेतात, गेलेल्या माणसाचं ऐकतात, तासभर बसतात. उठताना घरचेच म्हणतात, "तो पलंग तेवढा न्यायचा राहिलाय." मार्चपर्यंत चारही कॉट आल्या.

तर माझा मुद्दा एवढाच की ह्या काकू मला कुठल्या 'खऱ्या कामात' भेटल्या असत्या?

---

अर्धाकपचहा

वा! पलंगाचं वाचून थांबले थोडा वेळ. आमच्या घरातही आबा गेल्यावर अशीच एक कॉट दोन महिने उभी होती, तिच्यावर आम्ही धुतलेले कपडे टाकायचो. लाज वाटते आता.

डॉक्टरांचा विनोद सांगाच.

---

कडूकारलं

लेख चांगला, पण गोडी लावून मूळ प्रश्न गिळलात. सेवा क्लब म्हणजे काय ते आमच्या गावातही बघतो. पाच जणांनी मिळून एका म्हातारीला एक वॉकर द्यायचा, मागे बारा फुटी फ्लेक्स, फ्लेक्सचा खर्च वॉकरपेक्षा जास्त. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग एकमेकांचा सत्कार. कोजागिरीला केशर-पिस्त्याचं दूध प्यायला गरिबांचं नाव कशाला? मित्रमंडळ म्हणा ना सरळ.

एक काकू मिळाल्या म्हणून सगळ्या पार्ट्या माफ?

---

लाल_पिशवी

रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, म्हणून मे महिन्याचं मी सांगतो.

आमचा बराच साठा कॉलेजांच्या शिबिरांतून येतो. एप्रिल-मेमध्ये परीक्षा, मग सुट्ट्या, लोक गावाला, वर ऊन. शिबिरं आटतात. अपघात, बाळंतपणं आणि थॅलेसेमियाची मुलं मात्र सुट्टीवर जात नाहीत. त्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच.

याउलट १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. एका दिवशी चार ठिकाणी शिबिरं, सगळ्यांना शंभराच्या वर पिशव्या हव्यात. लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. एका दिवसात डोंगर करून आम्ही तो ठेवायचा कुठे? १ ऑक्टोबरला राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन असतो, त्या दिवशीही तीच गर्दी. माझं ऐकाल तर त्या दिवशी फक्त नावं आणि रक्तगट लिहून घ्या आणि शिबिर तीन महिन्यांनी ठेवा.

पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस ठेवावे लागतात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. बायका मोठ्या उत्साहाने येतात आणि हिमोग्लोबिनपाशी परत जातात, हे दर शिबिरात बघतो. नुसतं "तुम्ही नाही चालणार" म्हणून पाठवू नका. आकडा कागदावर लिहून द्या आणि डॉक्टरांकडे जायला सांगा. कित्येकींची ती आयुष्यातली पहिली तपासणी असते.

आणि कृपा करून हेल्मेट, बॅगा, मिक्सर वाटू नका. भेटवस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो.

---

आयर्विनपूल

"पांघरायला दोनच हात आहेत" हे वाक्य आम्हा सांगलीकरांना वेगळं समजावून सांगायला नको.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. पाणी उतरलं तशी मदत आली, आणि मनापासून आली, ते नाकारत नाही. पण जुन्या कपड्यांचे ढीग! एकेक पायमोजा, लग्नातले फाटके शालू, लहान मुलांचे गॅदरिंगचे पोशाख. पावसात भिजून ते कुजायला लागले आणि ते उचलणं हेच एक काम होऊन बसलं. आम्हाला हवे होते खराटे, फावडी, गमबूट, ब्लीचिंग पावडर आणि घरातला चिखल उपसायला चार दणकट हात.

सगळ्यात शहाणी मदत कोणती आली सांगू? बाहेरगावच्या एका तरुण मंडळाची पोरं आली. स्वतःची भाकरी बांधून आणलेली, स्वतःची फावडी. आमच्या गल्लीतली नऊ घरं साफ केली आणि गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्याकडे फ्लेक्स नव्हता, हे @कडूकारलं यांच्यासाठी.

---

नीरेकाठची

@लाल_पिशवी, हिमोग्लोबिनचा आकडा लिहून देण्याचं नव्या सचिवांना आजच कळवते. आमच्याकडे यंदा बारा जणी परत गेल्या आणि आम्ही त्यांना फक्त सरबत दिलं.

@अर्धाकपचहा, विनोद असा: "पुढच्या जन्मी मी चप्पल शिवणार." झालं समाधान?

@कडूकारलं, फ्लेक्सबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. आमच्याकडेही आहे. आठ फुटी आहे, एवढाच विनय. पण कोजागिरीचं दूध गरिबांच्या नावावर नाही. सभासद वर्गणीतूनही नाही. माणशी १५० रुपये वेगळे काढतो, दूध आटवायला घरून पातेली आणतो. त्या रात्री गच्चीवर काय होतं ते सांगते. आदल्या वर्षी दोन सभासदांचं बांधावरून वाजलं होतं. दोघंही कुठल्याच कामाला येईनात, कारण दुसरा येईल. कोजागिरीला दोघांच्या बायकांनी त्यांना एकाच पातेल्याला ढवळायला लावलं. दूध ढवळताना माणूस पळून जाऊ शकत नाही, ते खाली लागतं. नोव्हेंबरात दोघं एकाच जीपमधून टोळ्यांवर दिवे घेऊन गेले.

सलोखा झाला असं म्हणणार नाही. बांध अजून कोर्टात आहे.

---

जुनाखोड

मी तीस वर्षं रोटरीत काढली, आता फक्त वाचतो. @कडूकारलं, "मित्रमंडळ म्हणा" हे तुम्ही चिडून म्हणालात, पण इतिहास तोच आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता, एक शिंपी. मोठ्या शहरात एकटं वाटतं, ओळखी व्हाव्यात, एकमेकांच्या धंद्याला हात लागावा, एवढाच हेतू. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमायचे, म्हणून नाव रोटरी. सेवा नंतर आली. पहिलं सार्वजनिक काम १९०७ चं, शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून केलेली खटपट. तेव्हाही लोक हसले असणार.

त्याच मंडळींनी १९८५ मध्ये पोलिओचं काम हातात घेतलं. आम्ही रविवारी सकाळी बूथवर बसायचो. लस थंड राहावी म्हणून बर्फाचा डबा मांडीवर, आणि मुलाच्या करंगळीवर शाईची खूण. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. बूथवर कितीतरी तास कुणीच यायचं नाही. तिथे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आवडता नसेल तर दुसऱ्या रविवारी कोण येणार हो?

जाता जाता, बायकांना सभासद करून घ्यायला रोटरीने १९८९ उजाडू दिलं. तोवर त्या चहाची सोय बघत होत्या. हेही इतिहासातच लिहायला हवं.

---

खतावणी

मी अशा चार-पाच संस्थांची हिशेबतपासणी करतो. भावना बाजूला ठेवून दोन कोरड्या गोष्टी.

एक, करमणुकीचा पैसा आणि देणगीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. पातेलं घरचं असलं तरी दुधाची पावती ठेवा. देणगीदार कधीतरी विचारतोच, आणि तेव्हा "आम्ही आपापसात काढले" हे तोंडी पुरत नाही.

दोन, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल तर विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. दर वर्षी नवा अध्यक्ष करणारे क्लब हे हमखास विसरतात. मग दहा वर्षांनी बँक खात्यावर सही कुणाची चालणार यावर अडतं, तेव्हा कागदोपत्री अध्यक्ष कधीच वारलेले असतात. नीरेकाठचीताई, तुमचा चेंज रिपोर्ट गेला का?

---

कोयत्याचा_पोरगा

मी बीड जिल्ह्यातला. आई-बाप पंधरा वर्षं तुमच्याच भागात तोडीला यायचे. मीही आलोय, सहावीपर्यंत.

दिवा चांगला दिला. खरंच. पहाटेचा तो अंधार मला अजून आठवतो. बहिणीला कुशीत घेऊन कोपीच्या दाराकडे बघत बसायचो. पण दोन गोष्टी बोलतो, राग मानू नका.

माझा एक फोटो कुठल्यातरी मंडळाच्या अहवालात आहे. ब्लँकेट धरलेला, नाक वाहतंय. त्या दिवशी आम्हाला ब्लँकेट देऊन, रांगेत उभं करून, "हसा" म्हणाले. पुढे बारावीला असताना गावातल्या एकाने तो मला दाखवला. मी शिकून आज नोकरी करतो, पण ते चित्र त्यांच्याकडे तसंच आहे.

दुसरं, ११ पोरं मार्चपर्यंत शाळेत बसली म्हणता. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ती गेली कुठे? गावी परत गेल्यावर शाळेत हजेरी लागली का, परीक्षेला बसली का? ते तुमच्या अहवालात येत नाही, कारण तेव्हा तुमचं वर्ष संपत आलेलं असतं. आमचं दसऱ्याला सुरू होतं. उचल, म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे, तेव्हाच घेतात.

---

कडूकारलं

वरच्या प्रतिसादानंतर माझा फ्लेक्स फारच लहान वाटतोय. मी गप्प.

---

नीरेकाठची

@कोयत्याचा_पोरगा, राग कसला. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. अकरा आकडा मी अभिमानाने लिहिला आणि पुढचं पान उलटलंच नव्हतं. काल गुरुजींकडे गेले होते. त्यांच्याकडे सात जणांच्या पालकांचे फोन आहेत, पाच लागले. चौघं चाचणीला बसली. एक मुलगी घरी आहे, धाकट्याला सांभाळते. तिच्या आईशी गुरुजी परत बोलणार आहेत. बाकीच्यांचं माहीत नाही.

दिवे देतानाचे फोटो आमच्याही अहवालात आहेत. मुलांचे चेहरे दिसणारे तीन. छापील प्रती वाटून झाल्यात, पण क्लबच्या पानावरचे मी आज काढायला लावले. नव्या अध्यक्षांनी विचारलं, "मग देणगीदारांना काय दाखवायचं?" मी म्हटलं दिवा दाखवा.

आणि तुमची हरकत नसेल तर दसऱ्याच्या आधी एकदा गुरुजींशी बोलाल का? टोळी गाव सोडायच्या आधीच कार्ड हातात पडावं म्हणून तिकडे कुणाला भेटायचं, हे तुम्हालाच ठाऊक असणार. तुम्हाला वेगळा निरोप टाकते.

@खतावणी, चेंज रिपोर्ट गेला. गेल्या वर्षीचाही आत्ताच गेला, उशीरमाफीच्या अर्जासकट. त्यावर जास्त विचारू नका.

---

कोयत्याचा_पोरगा

बोलतो. नंबर पाठवा. सप्टेंबरातच धरायला पाहिजे, मुकादम तेव्हापासून फिरायला लागतात.

---

परगावी_पुण्यात

धागा वेगळ्या वळणावर गेलाय, पण विचारून टाकतो. आईची कमोड खुर्ची आणि वॉकर तीन वर्षं माळ्यावर आहेत. भंगारवाल्याला द्यायचं मन होत नाही, आणि आमच्या सोसायटीत विचारलं तर सगळे नको नको म्हणतात, जणू अपशकुन आहे. तुमच्या केंद्राला चालतील का? येत्या महिन्यात शिखर शिंगणापूरला जाणार आहे, फलटणवरूनच जाईन.

---

नीरेकाठची

पळतील! फक्त चारही पायांचे रबरी बूट बघून घ्या, ते झिजले असतील तर ओल्या फरशीवर माणूस घसरतो. इथे दहा-वीस रुपयाला मिळतात, आणले नाहीत तरी चालेल. खुर्चीचं भांडं हरवलं असेल तर तसं सांगा, साधारण कुठलंही बसत नाही, माप घ्यावं लागतं.

दुपारी तीन ते पाच काकू केंद्रावर असतात. घाईत येऊ नका, त्या चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत आणि आईचं विचारतील.